गावाचा पाणी-मातीचा आराखडा, बदलत्या पावसासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायत सदस्य, पाणलोट समितीची मंडळी, गावातली काम करू पाहणारी पोरं आणि ‘यंदा तरी काहीतरी करू’ म्हणणारे शेतकरी यांच्याकडून शिवारफेरीत, ग्रामसभेत आणि चहाच्या टपरीवर येणारे हे प्रश्न आहेत. उत्तरं मुख्यतः मराठवाडा, पश्चिम विदर्भ, नगर-सोलापूर अशा काळ्या खडकाच्या कमी पावसाच्या पट्ट्यासाठी आहेत. कोकण, गोवा आणि खारपाण पट्ट्याचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल पुढे एक प्रश्न आहे.

नेहमीच्या पाणलोट आराखड्यात आणि ‘हवामान बदलाला तोंड देणाऱ्या’ आराखड्यात फरक काय?

नाव भारदस्त आहे, पण फरक साधा आहे. जुना आराखडा सरासरी पावसावर बेतलेला असतो. तालुक्याची सरासरी ६५० मिलीमीटर, म्हणून इतके चर, इतके बंधारे. हल्ली सरासरी फक्त कागदावर भरते. जूनमध्ये चांगली सुरुवात होते, मग तीन-चार आठवड्यांचा खंड पडतो, सोयाबीन फुलोऱ्यात करपतं आणि सप्टेंबरच्या शेवटी चार दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो. वर्षाअखेरीस बेरीज ६५० च येते.

उदाहरणं लांब शोधायला नकोत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने लातूर जिल्ह्यात पूर आले. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने सोलापूर, धाराशिव, बीडकडची पिकंच काय, शेतातली मातीही वाहून नेली.

त्यामुळे नव्या आराखड्यात प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारायचे. पंचवीस दिवस पाऊस आला नाही तर हे काम उपयोगी पडेल का? एका रात्रीत शंभर मिलीमीटर झाला तर हे टिकेल का, आणि टिकलं नाही तर खालच्या कोणाचं नुकसान करेल? आणि तिसरा, जो सहसा कोणी विचारत नाही: अडवलेलं पाणी कोण, कशासाठी आणि किती उपसणार? माझ्या मते खरा आराखडा या तिसऱ्या प्रश्नात असतो. बाकी पहिल्या दोनांसाठी अभियंते आहेत.

आमच्या गावात जलयुक्त शिवारची भरपूर कामं झाली आहेत. आता परत आराखडा कशाला?

जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं, कामंही प्रचंड झाली. पण २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालाने ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असं नोंदवलं. यावर राजकारण भरपूर झालं. गावाने त्यात न पडता स्वतःपुरतं पाहावं: आपल्याकडे कामं झाल्यावर विहिरी किती वाढल्या, बोअर किती वाढले, उसाचं आणि फळबागेचं क्षेत्र किती वाढलं?

बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं. पाणी वाढलं, त्याच्या दुप्पट उपसा वाढला. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला दोन वर्षांत नव्या विहिरी उभ्या राहतात आणि तिसऱ्या उन्हाळ्यात टँकर पुन्हा येतो. म्हणजे काम वाया गेलं असं नाही, वाटपाचं कोणी ठरवलंच नाही.

तेव्हा नव्या आराखड्याचं पहिलं पान जुन्या कामांच्या यादीचं असावं: कुठलं काम शाबूत, कुठलं गाळाने भरलं, कुठलं फुटलं. दुरुस्तीचा पैसा नव्या बांधकामाच्या तुलनेत फार थोडा लागतो. फक्त दुरुस्तीच्या कामाला उद्घाटनाचा नारळ फुटत नाही, म्हणून ती मागे पडते.

सुरुवात कुठून करायची?

शिवारफेरीपासून. ती माथ्यापासून करायची, गावठाणापासून नाही. डोंगराच्या किंवा माळाच्या सर्वांत वरच्या टोकाला जायचं आणि पाणी जसं खाली येतं तसं उतरायचं. सोबत गावनकाशा, गट नंबर माहीत असलेला कोणी जुना माणूस, कृषी सहायक (आता पदनाम सहायक कृषी अधिकारी झालंय, पण गावात कृषी सहायकच चालतं) आणि बायका हव्यातच. कुठल्या विहिरीला मार्चमध्ये किती वेळ मोटार चालते हे मालक सांगतो, पण कुठल्या हातपंपाचं पाणी कधी गढूळ होतं, कुठला झरा होळीला आटतो हे पाणी भरणारीच सांगते.

एक फेरी पावसाळ्यात भर पावसात करा. उन्हाळ्यात केलेल्या फेरीत नाला कुठे आहे ते दिसतं, पाणी प्रत्यक्ष कुठून जातं ते दिसत नाही. शेताच्या बांधाला कुठे खांड पडलीय, गाडीवाटेचाच ओढा कसा झालाय, वरच्या रानातली माती कोणाच्या पिकात येऊन बसलीय, हे तेव्हाच कळतं. मोबाईलवर फोटो काढून गट नंबर टाकून ठेवले की निम्मा आराखडा झाला म्हणायचं.

आणखी एक. पाणलोट म्हणजे ज्या रानाचं पाणी एकाच नाल्याला येऊन मिळतं ते क्षेत्र; त्याची हद्द आणि गावाची हद्द जुळत नाही. माथा शेजारच्या गावात असेल तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय तुमच्या बंधाऱ्यात गाळ येणं थांबणार नाही.

पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा? आमच्याकडे कोणी इंजिनिअर नाही.

इंजिनिअर लागत नाही, चौथीचा गुणाकार लागतो. एक हेक्टरवर एक मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. सरकारी कागदात टीसीएम हे माप असतं, म्हणजे हजार घनमीटर, म्हणजेच दहा लाख लिटर.

समजा शिवार १,००० हेक्टर आणि पाऊस ६०० मिलीमीटर. पडलेलं पाणी झालं ६,००० टीसीएम. आकडा ऐकून ग्रामसभेत सगळे खूश होतात. आता वजाबाकी. यातलं निम्म्याहून जास्त पाणी खरिपाची पिकं, गवत, झाडं आणि ऊन घेतं. काही ओढ्याने निघून जातं. आपल्या काळ्या खडकात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास मुरतं असं धरलं, तर ६०० टीसीएम.

हा आकडा दुसऱ्या बाजूने पडताळता येतो. मे महिन्यात विहिरींची पाणीपातळी मोजा, ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजा. समजा सरासरी तीन मीटर वर आली. बेसॉल्ट खडकात पाणी धरायला जागा फार थोडी असते, जेमतेम एक ते तीन टक्के. दोन टक्के धरा. १,००० हेक्टर, तीन मीटर, दोन टक्के: पुन्हा ६०० टीसीएम. दोन्ही आकडे जवळपास आले तर तुमचं गणित बरोबर. फार फरक आला तर विहिरी नीट निवडल्या नाहीत किंवा पावसाचा आकडा चुकला. ही पडताळणी जरूर करा. हेच गणित आणखी एक गोष्ट दाखवतं: जमिनीखाली समुद्र नाही. विहीर भरलेली दिसते, पण तिच्या आजूबाजूच्या खडकात पाणी अगदी थोडं आहे.

बंधारे, पाझर तलाव, शेततळी यांत साठलेलं उरलंसुरलं १५० टीसीएम धरू. हाताशी एकूण ७५०.

आता खर्चाची बाजू. दोन हजार लोकवस्तीला माणशी दिवसाला ५५ लिटरप्रमाणे वर्षाला ४० टीसीएम. हजारभर जनावरांना वीसेक. हे ६० आधी बाजूला काढायचे, त्यावर चर्चा नाही. मग २०० हेक्टर हरभरा, दोन पाण्यांचा: एका पाण्याला ६० मिलीमीटर धरले तर २४० टीसीएम. ५० हेक्टर कांदा, हेक्टरी ६ प्रमाणे ३००. आणि २० हेक्टर ऊस: पावसाळ्यातलं पाणी सोडून दिलं तरी हेक्टरी १५ टीसीएम उपसा, म्हणजे ३००. बेरीज ९००. जमा ७५०, तूट १५०.

हे आकडे नमुन्याचे आहेत, पण ढाचा बहुतेक गावांत असाच निघतो. २०० हेक्टर हरभऱ्याला लागतं त्याहून जास्त पाणी २० हेक्टर ऊस घेतो. फळ्यावर हे लिहिलं की सभा दोन मिनिटं गप्प होते.

ताळेबंद ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, रब्बीची पेरणी ठरायच्या आधी मांडा. डिसेंबरात मांडलेला ताळेबंद फाईलला लावायच्या लायकीचाच असतो. आणि एक सावधगिरी: पाऊस ६०० ऐवजी ४०० झाला तर मुरणारं पाणी तिसऱ्या हिश्श्याने नाही, त्याहून बरंच जास्त घटतं. कारण आधी तहानलेली माती तिचा वाटा घेते, उरलं तर खाली जातं.

विहिरीची पातळी मोजायची म्हणजे नेमकं काय करायचं?

दोरीला वजन बांधा, दर मीटरला गाठ मारा किंवा मोजपट्टी वापरा. विहिरीच्या काठावर एक खूण रंगवा आणि दर वेळी तिथूनच मोजा. काठ एकसारखा नसतो, जागा बदलली की अर्ध्या मीटरचा फरक पडतो. पहाटे, मोटारी चालू व्हायच्या आधी मोजा. आदल्या दिवशी वीज रात्रीची होती का, हेही नोंदवा, कारण रात्रीच्या पाळीत उपसलेली विहीर सकाळी खोटं बोलते. शिवारात वर, मध्ये, खाली मिळून आठ-दहा विहिरी पुरतात.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते. तुमच्याही नोंदी त्याच महिन्यांत ठेवल्या तर त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील.

मग काय, ऊस बंद करायचा? गावात भांडणं लागतील.

लागतील. पाण्याचा आराखडा करायचा आणि कोणाला वाईट वाटू द्यायचं नाही, हे जमत नाही. पण वाट सापडलेली गावं आहेत.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा होता की पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसावर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाणी तिच्यासोबत जात नाही. ऊस नाही. पन्नास वर्षं होत आली, पण इतका धीट नियम कुठल्या सरकारी योजनेने अजून स्वीकारलेला नाही.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात सरपंच पोपटराव पवारांच्या काळात ठरलं की बोअरचं पाणी शेतीला वापरायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही आणि दरवर्षी पावसाचा हिशेब ग्रामसभेत मांडून पिकं ठरवायची. तिथे पाऊस चारशे मिलीमीटरच्या आतबाहेरचा. लोक हिवरे बाजार बघायला जातात आणि चर, झाडं, बंधारे यांचे फोटो काढून येतात. फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे हा नियम.

सुरुवातीला सरसकट बंदी घालू नका, टिकणार नाही. आमचा अनुभव असा की ‘नवा ऊस नाही, असलेला ठिबकवर, खोडवा (तोडलेल्या उसाला पुन्हा फुटलेलं पीक) एकच’ इतकं ठरलं तरी वरच्या उदाहरणातली तूट बरीचशी भरून निघते. आणि पाऊस किती झाला तर कुठला नियम लागू, हे जूनच्या आधीच ठरवून ठेवा. ऑक्टोबरमध्ये विहीर भरलेली असताना कोणी कोणाचं ऐकत नाही.

नाला खोलीकरण करावं की नाही? काही जण म्हणतात त्याने विहिरी आटतात.

दोन्ही गोष्टी घडतात, कुठे खोदता त्यावर आहे. नाल्यात गाळ साचून तळ बुजला असेल तर तो काढणं चांगलंच. पण मुरमाचा थर फोडून खाली काळ्या पाषाणापर्यंत खोदलं, तर नाला पाणी मुरवण्याऐवजी आजूबाजूच्या विहिरींचं पाणी ओढून घेणारा चर होतो. ते पाणी उघड्यावर येतं, वाफ होऊन जातं किंवा खाली वाहतं. तुमच्या नाल्यात जानेवारीत पाणी दिसतं म्हणून फोटो छान येतो, पण ते पाणी वरच्या शेतकऱ्याच्या विहिरीतलं असू शकतं.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या नाला खोलीकरणाचं उदाहरण सगळीकडे दिलं जातं. तिकडे तापीच्या गाळाच्या जमिनीचा पट्टा आहे, आपल्यासारखा एकसंध खडक सगळीकडे नाही. शिवाय तिथे बंधाऱ्यांची मालिका आणि भूशास्त्राची समज होती. बाकीच्यांनी उचललं ते फक्त पोकलेन.

नियम सोपा ठेवा: आधी माथा, मग उतार, मग नाला. डोंगरावर सलग समतल चर, शेतात बांधबंदिस्ती, घळीत दगडी बांध आणि सगळ्यात शेवटी नाल्याचं काम. वाळू असलेल्या नाल्याला हात लावू नका, ती वाळूच पाणी धरून ठेवते.

शेततळं घ्यावं का?

कशाने भरणार, यावर उत्तर आहे. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरत असेल आणि खंडाच्या काळात खरिपाला एखादं संरक्षित पाणी द्यायचं असेल, तर जरूर. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल तळ्यात साधारण २२ लाख लिटर मावतं. फुलोऱ्यातल्या सोयाबीनला ५० मिलीमीटरचं एक पाणी धरलं तर चार हेक्टरांना पुरतं. खंडाच्या वर्षी हे एक पाणी म्हणजे पीक हाती येणं किंवा न येणं.

पण प्लास्टिक अंथरून बोअरने भरलेलं तळं म्हणजे सगळ्यांचं पाणी उपसून स्वतःच्या कुंपणात नेऊन ठेवणं. वर जानेवारी ते मे कडक उन्हात त्यातलं सात-आठ लाख लिटर सहज उडून जातं. जमिनीखाली ते उडालं नसतं. जालन्याच्या कडवंचीतली शेततळी आणि द्राक्षबागा सगळ्यांना माहीत आहेत. पण तिथे आधी अख्ख्या पाणलोटाचं काम झालं, तळी नंतर आली. हा क्रम उलटा केला की बिघडतं.

गावाने ठराव करावा: अस्तरीकरणाच्या (प्लास्टिक अंथरलेल्या) तळ्याला शिफारस देताना ते विहीर-बोअरने भरणार नाही याची लेखी हमी घ्यायची. ती किती पाळली जाते हा पुढचा प्रश्न, पण निदान बोलायला आधार राहतो.

अतिवृष्टीत बांधच फुटले, जमीन खरवडून गेली. मग बांध घालायचे कशाला?

बांध फुटतो तो बहुतेक वेळा बांध आहे म्हणून नाही, सांडवा नाही म्हणून. शेताच्या मातीच्या बांधाला जादाचं पाणी जायला दगडी सांडवा ठेवला नसेल तर पाणी बांधावरून उडी घेतं, बांध कापतं, आणि तो लोंढा खालच्या शेताच्या बांधावर आदळतो. सप्टेंबर २०२५ नंतर फिरताना अनेक शिवारांत ही रांग स्पष्ट दिसायची: एका रेषेत पाच-सहा शेतांचे बांध एकाच जागी फुटलेले, मध्ये घळ. सर्वांत वरच्या एका शेताला सांडवा असता तर खालची वाचली असती.

सिमेंट बंधाऱ्याची तऱ्हा निराळी. भिंत जागच्या जागी उभी आणि नाला बगलेतून माती कापून निघून गेलेला. कारण बाजूच्या भिंती काठात पुरेशा आत घेतलेल्या नसतात. अंदाजपत्रकात बगलेच्या भिंतीची लांबी आणि सांडव्याची रुंदी किती पावसासाठी धरली आहे, हे ग्रामसभेने विचारावं. गेल्या दहा-पंधरा वर्षांतला गावातला सर्वांत मोठा पाऊस सांगा आणि म्हणा, यावर काढून दाखवा. अभियंता आधी वैतागेल, मग काढून देईल.

ओढ्याच्या काठापर्यंत नांगरट करणं बंद झालं पाहिजे, हे मात्र कोणालाच आवडत नाही. नांगराच्या दोन-चार तासांची (ओळींची) जागा सोडून तिथे घायपात, बांबू, करंज, गवत काहीही असू द्या. ज्यांनी काठ मोकळा ठेवला होता त्यांची जमीन कमी गेली, हे शेजारच्याला विचारून घ्या.

एकट्या शेतकऱ्याने, गावाची वाट न बघता काय करावं?

उताराला आडवी पेरणी आणि बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी. खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, अतिवृष्टी झाली तर सरीतून पाणी निघून जातं. दोन्ही संकटांना चालणारं इतकं स्वस्त काम दुसरं नाही. यंत्र नसेल तर दर चार-सहा ओळींनंतर एक ओळ रिकामी ठेवून डवऱ्याने सरी पाडा. काडीकचरा जाळू नका. एवढंच, बाकी सगळं नंतर.

चराईबंदी केली की शेळ्या-मेंढ्यावाले कुठे जाणार?

हा प्रश्न विचारणारा गावात एखादाच असतो आणि तो बरोबर असतो. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी होती, त्याचा डोंगर हिरवा व्हायला फायदा झाला हे खरं. पण डोंगर सर्वांचा, बंदीचा भार भूमिहीनांवर आणि खाली वाढलेलं पाणी विहीरवाल्यांचं, असा सौदा फार दिवस टिकत नाही. रात्री शेळ्या जाणारच.

गायरानाचे तीन भाग करा. एका वेळी एकच भाग दोन-तीन वर्षं बंद, बाकी खुले. बंद भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क बिनजमिनीच्या घरांना, नाममात्र दराने. पाझर तलावातली मासेमारी, पाणी हटल्यावरची गाळपेर, चर खोदायची मजुरी, हे वाटेही त्यांच्याकडे ठेवता येतात. बाहेरून येणाऱ्या मेंढपाळांशी कधी यायचं, कुठे बसायचं हे आधी बोलून ठेवा. त्यांच्या खताची गरज शेतकऱ्याला आहेच.

कोकणात, खारपाण पट्ट्यात, गोव्यात हेच चालेल का?

नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात भूजलच खारट आहे. तिथे मुरवलेलं पाणी खारं होतं, म्हणून वरच्या वर साठवणारी शेततळी आणि चरातून निचरा, हे महत्त्वाचं. वर शेततळ्याबद्दल जे म्हटलं ते तिकडे जवळपास उलटं वाचा.

कोकणात तीन हजार मिलीमीटर पाऊस पडूनही एप्रिलला टँकर लागतो, कारण जांभ्यातून पाणी झरझर निघून जातं. तिकडे झरे जपणं आणि पावसाळा संपताना वहाळांवर कच्चे बंधारे घालणं हेच मुख्य काम. समुद्रकाठी प्रश्न आणखी वेगळा: गोव्यातल्या खाजन जमिनी आणि आपल्याकडच्या खारजमिनी बांध आणि दरवाजांवर उभ्या आहेत. गोव्यात त्या दरवाजाला मानस म्हणतात. भरतीला तो मिटतो, ओहोटीला उघडतो. समुद्र वर येतोय, बांधाची देखभाल करणारी गावकी विस्कळीत झालीय. तिथे आराखडा या बांधापासूनच सुरू व्हायला हवा.

पैसा कुठून आणायचा? कुठल्या कार्यालयात जायचं?

आराखडा आधी, योजना नंतर. उलट केलं की योजनेत जे बसतं तेच गावात होतं. चर, बांधबंदिस्ती, विहीर पुनर्भरण अशी मजुरीची कामं रोजगार हमीतून. बंधाऱ्यांची नवी कामं आणि दुरुस्ती मृद व जलसंधारण विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारेकडे. तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते आधी पाहा, नाहीतर दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. गाळासाठी २०१७ पासूनची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. हा गाळ हलक्या, मुरमाड रानात टाका, आधीच भारी काळी जमीन असेल तर नको.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या टप्प्यात पाच हजारांहून अधिक गावांत चालला. आता दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांत आहे. तुमचं गाव यादीत असेल तर प्रकल्पाची गाव समिती आणि पाण्याचा ताळेबंद या दोन्ही गोष्टी त्यातच येतात. समितीत कोणाची नावं आहेत ते एकदा वाचून काढा. आपलंच नाव सापडलेले लोक मला भेटले आहेत.

आराखड्यातली कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालायला विसरू नका. तिथे नसलेल्या कामाला नंतर दारोदार फिरावं लागतं.

शेजाऱ्याने माझ्या विहिरीजवळ खोल बोअर घेतला. कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून लागू झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला बंधन आहे आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर नियंत्रणाची तरतूद आहे. अंमलबजावणी कशी आहे ते बोअरच्या गाड्या रात्री किती वाजता येतात यावरून कळतंच. ग्रामसभेचा ठराव असेल तर तहसीलदाराकडे तक्रारीला वजन येतं. तुमच्या एकट्याच्या भांडणात मात्र हा कायदा फारसा हात देत नाही.

कामं कधी करायची?

पूर्वी ‘३१ मेपर्यंत उरकू’ म्हणत. २०२५ मध्ये मेमध्येच पावसाने झोडपलं आणि २६ मेला मोसमी वारे मुंबईत पोचलेही. अर्धवट खोदलेले बांध, उघडी माती, नाल्यात अडकलेली यंत्रं असं चित्र झालं. त्यामुळे मातीकाम एप्रिलअखेर पूर्ण, असंच वेळापत्रक धरा. म्हणजे मंजुरी नोव्हेंबरात आणि मोजमाप डिसेंबरात झालं पाहिजे. समपातळीच्या रेषा आखायला पारदर्शक नळी आणि दोन काठ्या पुरतात, त्या कामाला कार्यादेशाची वाट बघायची गरज नाही.

देखभाल कोण करणार?

कोणीच करत नाही, हे खरं उत्तर आहे. चर तीन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतात. बंधाऱ्याच्या पाणी अडवायच्या फळ्या परतीच्या पावसाआधी घालाव्या लागतात, पण त्या कोणाच्या गोठ्यात आहेत हे शोधण्यातच ऑक्टोबर जातो. प्रत्येक बंधाऱ्यासाठी खालच्या पाच-सहा विहीरमालकांचा गट नेमा, ज्यांना त्याचा थेट फायदा होतो. त्यांच्याकडून एकरी थोडी वर्गणी घ्या आणि फळ्या त्यांच्याच ताब्यात द्या. ‘गाव करेल’ म्हटलेलं काम होत नाही.

मंडळातलं पर्जन्यमापक आमच्यापासून लांब आहे. त्याचा आकडा धरायचा का?

भरपाईसाठी तोच धरला जातो: महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटरपेक्षा जास्त झाला तर अतिवृष्टी. पण हल्ली पाऊस शिवार बघून पडतो, मंडळ बघून नाही. ताळेबंदासाठी स्वतःचं पर्जन्यमापक शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या आवारात बसवा, झाडापासून आणि भिंतीपासून लांब. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खातंही त्याच वेळेला वाचतं. वहीत तारीख, आकडा, आणि पाऊस किती वेळात पडला ते. रिमझिम आठ तास पडलेला ६० आणि पाऊण तासात कोसळलेला ६० हे वेगळे पाऊस आहेत, आणि सांडव्याची रुंदी ठरवताना दुसराच कामाला येतो. सातवी-आठवीच्या मुलांना ही जबाबदारी दिली तर नोंद चुकत नाही. सुट्टीच्या दिवसांसाठी मात्र शाळेशेजारी राहणारं एखादं मूल नेमा आणि वहीचा फोटो दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर टाका.